आईचं नाक आणि पट्टायाची सुकट

समस्त आप्तेष्टांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या घराण्याची अब्रू जायची ती बदलापुरात गेली नाही, अंबरनाथलाही गेली नाही. ती गेली पट्टायातल्या एका हॉटेलाच्या मागच्या अंगणात, सकाळी अकराच्या सुमारास, केळीच्या पानात गुंडाळलेली, निखाऱ्यावर भाजत असताना. प्रसंगी चार साक्षीदार हजर होते. एक माझे बाबा, ज्यांच्या हातात कच्ची पपई होती. दुसरी माझी आत्या, जिच्या हातात मुसळ होतं. तिसरी मी, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, जिच्या हातात शहाळं होतं. चौथी तिथली एक थाई बाई, जिला त्या दिवशी आमच्यावर काय कोसळलं हे आजतागायत कळलेलं नाही. आईला मी साक्षीदारांत धरलेलं नाही, कारण ती आरोपी होती.

आम्ही पट्टायाला पोचलो ते सिमेंटच्या गोणीवर बसून. बेलवलीत बाबांचं सिमेंट, रेती आणि विटांचं दुकान होतं, आणि त्या दिवसांत बदलापूर असं फुगत होतं, की काल जिथे भाताचं खाचर होतं तिथे आज सळया उभ्या दिसायच्या. सिमेंट कंपनीची एक स्कीम होती. ठरलेला माल उचलला की डीलरला पट्टायाची सहल, आणि मोठ्या डीलरला सहकुटुंब. आता खरं सांगायचं तर हे ‘सहकुटुंब’ कंपनीने फक्त शोभेला छापलं होतं. डीलर मंडळी एकटी जात, आणि आल्यावर बायकांना देवळांचे फोटो दाखवत. बाबांचाही देवळांचे फोटो काढायचा बेत असावा. पण शेवंतीआत्याला सुगावा लागला. आत्या बाबांची थोरली बहीण. ती राहायची अंबरनाथ पश्चिमेला, पण राज्य करायची आमच्या घरावर. ती संध्याकाळी आली, पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “बाल्या, मी येतंय. सुमनला घे, पोरीला घे.”

“अगो ताये, ती डीलरांची सहल हाय,” बाबा म्हणाले.

“मंग? मी डीलरची बहीन हाय.”

असे आम्ही चौघं निघालो. विमानात बाकीचे बावीस डीलर बाबांकडे असे बघत होते, जसं लग्नाच्या वरातीत कुणी दहाव्याचं सामान घेऊन शिरावं.

पण त्याआधी आईबद्दल सांगायला हवं. आम्हा आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला पाचशे माणूस जेवतं, मटण-भाकरी, आणि ते मटण ज्यात शिजतं त्याला आम्ही टोप म्हणतो. टोप म्हणजे तुमच्या घरातलं पातेलं डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या टोपात पाच वर्षांचं मूल उभं केलं तर फक्त शेंडी दिसेल. बेलवलीपासून अंबरनाथपर्यंत आमच्या भावकीत कुठेही हळद असली, की टोप आईकडे. निमंत्रण द्यायला येणारे आधी तिला नारळ देत आणि मग बाबांना पत्रिका. बाबा त्यावरून चिडायचे, पण ऐटीने सांगायचेही.

आणि आई चाखायची नाही. आमच्यात चुलीवरचं चाखत नाहीत, उष्टं होतं. आधी देवीचं पान, मग पितरांचं पान, मग पाहुणे, मग घरचे, आणि जिने रांधलं ती सगळ्यांत शेवटी. तोवर टोपाच्या तळाशी जे उरे त्यावर पांढरी चरबी धरलेली असे. आई ते भाकरीच्या तुकड्याने निपटून खायची, उभ्याउभ्या, आणि घासता घासता टोप कोरडा करायची. मग इतक्या जेवणाचा मीठमसाला तिला कळायचा कसा? नाकाने. ती वाफेत तोंड धरून डोळे मिटायची, लाकडं फुरफुरत असायची, बायका भाकऱ्या थापायच्या थांबायच्या, आणि आई डोळे न उघडता म्हणायची, “मीठ दोन मुठी. आलं अजून कच्चं हाय. विस्तव वढा.” मिठाला वास नसतो असं शाळेत शास्त्राच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. माझ्या घरी पुरावा होता.

सहलीच्या आधीच्या भाद्रपदात आईला ताप आला. पाच-सहा दिवस नाक चोंदलं, अंग दुखलं, मग सगळं गेलं आणि जाताना तिचं नाक घेऊन गेलं. मला ते कळलं एका दुपारी. मी वरच्या मजल्यावर अभ्यास करत होते, जिन्यातून धूर यायला लागला म्हणून धावत खाली आले, तर गॅसवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि आई त्याच्या हातभर अंतरावर, ओट्याकडे पाठ करून, शांतपणे मेथी निवडत होती. मी गॅस बंद केला. तिने वळून ते काळं पातेलं पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

“वने,” ती म्हणाली, “मना वास येत नाय.”

“कसला?”

“कसलाच.”

हल्ली हे सांगताना मला हसू येतं. मधे ती महासाथ आली तेव्हा बदलापुरातल्या कात्रपच्या आमच्या सगळ्या सोसायटीचं नाक एका आठवड्यात गेलं, आणि लोक एकमेकांना फोन करून कॉफीचा वास येतो का विचारत होते. पण तेव्हा अशा दुखण्याला नावच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आईने दम काढला नाही. ती निलगिरीचं तेल हुंगायची, रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडून हुंगायची, उंबऱ्यावर बसून कांदा फोडून दोन्ही नाकपुड्यांशी धरायची. डोळ्यांतून पाणी यायचं, वास यायचा नाही. मी लहान असल्यापासून ती माझी वेणी घालायच्या आधी माझं डोकं हुंगायची. त्या दिवसांतही हुंगायची. हुंगून फणी हातात धरून तशीच बसून राहायची, आणि मी मागे वळून बघायचं नाही असं आमचं न बोलता ठरलं होतं.

हे कुणाला कळता कामा नये, असं तिने मला देवीची शपथ घालून सांगितलं. मग आम्ही एक पद्धत बसवली. मी तिचं नाक. एकदा खोकले तर मीठ कमी, दोनदा खोकले तर जास्त, शिंकले तर लागतंय, खाली उतरव. मिठाचं कळायला अर्थात मला चाखावंच लागायचं, आणि ते पाप. म्हणून मी चमचा घेतला की आई पाठ करून उभी राहायची आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघायची. उद्या देवीने विचारलंच, तर तिने काही पाहिलेलं नव्हतं. आठ महिने मी त्या ओट्याशी अशी खोकले, की शेजारच्या काकूंनी मला छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं.

तरी निसटायचंच. परीक्षेच्या दिवसांत मी क्लासला असले की डाळ अळणी व्हायची, नाहीतर खारट. दिवाळीत चकल्यांत मीठच नव्हतं. आत्याने एक चकली मोडली, खाल्ली, आणि काही बोलली नाही. आत्या बोलली नाही म्हणजे गुन्हा नोंदवला गेला, तपास सुरू झाला. आणि नेमकं सहलीनंतर महिन्याभराने आत्याच्या मुलाचं, विनोदचं, लग्न होतं. एक दिवस फोनवर ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “उल्हासनगरच्या एका केटररचा नंबर घेऊन ठेवलाय. असाच.”

आईने फोन ठेवला आणि गव्हाच्या पिंपावर बसली. “टोप दुसऱ्याकडं गेला तर मी हलदीला जाऊन काय करू गो वने? खुर्चीवर बसू? पावनीसारखी? लोक इचारतील, सुमन खुर्चीवर का? काय सांगू?” मला सतरा वर्षांच्या आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. बारावीच्या निकालाचीसुद्धा नाही. आईला खुर्चीवर बसलेलं मी कुठल्याच हळदीत पाहिलं नव्हतं. हळदीत ती बसेल कशी तेही मला डोळ्यांपुढे येत नव्हतं.

तर पट्टाया. पहिले तीन दिवस कंपनीने आम्हाला रोज पनीर खाऊ घातलं, कारण कुणाच्या भावना दुखावू नयेत अशी त्यांची इच्छा होती. आमच्या भावना तिसऱ्या दिवशी दुखावल्या. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून समुद्राकडे बघत म्हणाले, “एवढा दर्या हाय, आन ताटात पनीर.” चौथ्या दिवशी पुरुषांसाठी होडीतली सफर होती आणि आलेल्या मोजक्या महिलांसाठी थाई स्वयंपाकाचा क्लास. मोजक्या महिला म्हणजे आम्ही तिघी. आत्याने बाबांची हॅट काढून घेतली. “होडीत कोन कोन असतंय मना ठाव हाय. तू आमच्याबरोबर पपई किसनार.” होडी निघाली तेव्हा बावीस डीलरांनी धक्क्यावर उभ्या बाबांना हात हलवला. बाबांनी उलट हात हलवला नाही.

क्लास घेणाऱ्या बाईंचं नाव नोई. ठेंगणी, हसरी, डोक्याला फडकं बांधलेली, आणि एका हाताने पपई धरून दुसऱ्या हातातल्या सुरीने तिच्यावर असे सपासप वार करणारी, की आत्यासुद्धा एक पाऊल मागे सरली. नोईकडे इंग्रजीचे चाळीस शब्द होते, माझ्याकडे साठ. त्या शंभर शब्दांवर चार माणसांचा संसार चालायचा होता, आणि दुभाषी मी. म्हणजे मी आता नाकही होते आणि जीभही. आईने हॉटेलच्या खोलीतच मला बजावलं होतं, “माझ्या जवल राहा. हलू नको.”

सुरुवातीलाच नोईने एक टोपली फिरवली. हुंगा आणि ओळखा. गवती चहा सगळ्यांनी पाहूनच ओळखला. “यासाठी विमानात बसलो?” आत्या म्हणाली. “आमच्या संडासामागं रानभर आलाय.” मग आल्यासारखं काही पुढे आलं, गुलाबी कोंभांचं. आईने त्याच्यावर नजर टाकली आणि ठसक्यात म्हणाली, “आलं.” आत्याने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि थांबली. “आलं? अगो सुमन, याला आल्याचा वास येतंय?” तो कसलासा दुसराच कंद होता, औषधासारखा उग्र. “इकडचं आलं असंच असतंय,” आई म्हणाली. मी खोकले. मी इतकी खोकले की नोईने माझ्या पाठीवर थापट्या मारून मला शहाळ्याचं पाणी आणून दिलं, आणि ते प्यायला मला अंगणाच्या त्या टोकाच्या बाकावर नेऊन बसवलं. आई राहिली या टोकाला. मध्ये पंधरा पावलं. मी उठायला बघतेय तर नोई मला खाली बसवतेय. तेवढ्यात ते झालं.

नोईने काळपट जांभळ्या चटणीसारखा गोळा केळीच्या पानात बांधला होता, तो तिने शेगडीशी परत जाऊन निखाऱ्यावर टाकला. आई पाठमोरी मिरच्या चिरत होती. पान तडतडलं, कडा काळ्या झाल्या, आणि वास सुटला. मी तुम्हाला काय सांगू. तीन दिवस पनीर खाल्लेल्या आगरी माणसाच्या नाकात, परमुलखात, भाजलेल्या सुकटीचा वास शिरला. तो गोळा कोळंबीचा होता, मिठात आंबवलेल्या बारीक कोळंबीचा, आणि भाजल्यावर तो वास हुबेहूब आमच्या तव्यावरचा. बाबांच्या हातून पपई सुटली. “आई शप्पथ!” एवढंच ते बोलले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने तर मुसळच छातीशी धरलं आणि डोळे मिटले, जशी आरतीत मिटते. क्षणभर आमचं अख्खं घर त्या अंगणात येऊन उभं राहिलं. एकटी आई मिरच्या चिरत होती. तिची सुरी थांबली नव्हती.

आत्याने डोळे उघडले आणि तिला पाहिलं. मी शहाळं टाकून उठले, पण उशीर झाला होता.

“सुमन,” आत्या अगदी मऊ आवाजात म्हणाली, “वलख बघू, काय भाजतंय?”

आई वळली. तिने आधी मला शोधलं. मी पंधरा पावलांवर. खोकल्याच्या आमच्या भाषेत सुकटीला शब्द नव्हता. तिने निखाऱ्याकडे पाहिलं. हिरवं पान, चौकोनी घडी, वर धूर. ती जे बघत होती त्यावरून जे सुचेल ते तिने मान ताठ ठेवून सांगितलं.

“पातोले असतील.”

पातोळे. गोड. नारळ-गुळाचे. बाबांनी पपई उचलायला वाकून तसंच वाकलेलं राहणं पसंत केलं. आत्या चालत आईपर्यंत गेली. “माझ्याकडं बघ. तुझं नाक गेलंय. कधीपासून?”

“भादव्यापासून.”

“बाल्या! तुला ठाव होतं?”

बाबा वाकलेलेच. “मी रोज लोनचं मागायचो ना,” ते पपईला म्हणाले. “आधी कधी मागायचो काय?” हे मला नवीन होतं. आठ महिने आम्ही दोघी जे लपवत होतो, ते हा माणूस लोणच्याबरोबर गिळत होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता. मग मीही सांगून टाकलं, की चाखायचे मी. “पानाआधी?” आत्याने कपाळावर हात मारला. “देवा! म्हंजे दिवालीला पन?”

चकल्या केल्या तेव्हा मी क्लासला होते, म्हणून तर त्या तशा झाल्या, हे सांगण्यात अर्थ नव्हता. आत्या खाली बसली. ती दुष्ट नव्हती, हे मला आज कळतं; तिच्या दारात पाचशे माणूस यायचं होतं. “सुमन, राग मानू नको,” ती म्हणाली. “विनोदच्या हलदीला केटरर.”

आई रडली नाही. तिने सुरी पुसली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, “वन्सं, मी टोपाला हात नाय लावनार. मी लाकडं सारीन, भाकऱ्या थापीन. पन मना खुर्चीवर नका बसवू.” तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. उभ्या भावकीला हुकूम सोडणारी बाई परक्या अंगणात लाकडं सारायची परवानगी मागत होती. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या समुद्राने वर यावं आणि आम्हा चौघांना, पपईसकट, घेऊन जावं.

नोईला वाटलं, आम्ही त्या वासावरून भांडतोय. तिने हात जोडले, दहा वेळा सॉरी म्हटलं, पुडी घाईने दूर नेली आणि विषय बदलायचा म्हणून प्रत्येकापुढे एकेक उखळ ठेवलं. पपईचा कीस, मिरच्या, शेंगदाणे, लिंबू, ताडाचा गूळ, माशांचं खारं पाणी. कुटा. बाबा जीव तोडून कुटत होते, कुणाकडे बघायला लागू नये म्हणून. आई हात सांगितले तसे चालवत होती. मग नोईने तिच्यापुढे चमचा धरला. “टेस्ट.”

आईने मान हलवली. नोई पुन्हा म्हणाली, टेस्ट. मी सांगितलं, ती चाखत नाही. नोईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी म्हटलं होतं की ही बाई डोळे बांधून रिक्षा चालवते. मग माझ्या साठ शब्दांतले दोन शोधून मी म्हणाले, “गॉड फर्स्ट.”

“आऽऽ!” नोईचा चेहरा उजळला. हे तिला पूर्ण कळलं. अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर एक इवलंसं देऊळ होतं, आपल्या तुळशीवृंदावनाएवढं. पुढे फुलं, उदबत्त्या, आणि देवासाठी लाल सरबताची उघडलेली बाटली, तिच्यात प्यायची नळीसुद्धा. नोईने आईच्या उखळातली चिमूटभर पपई पानाच्या तुकड्यावर घेतली, तिथे नेऊन ठेवली, हात जोडले, आणि परत येऊन आईच्या हातात चमचा देत म्हणाली, “गॉड, फिनिश. नाऊ मामा.”

आई त्या देवळाकडे बघत राहिली. “पान वाढून झालं काय गो?”

“झालं,” मी म्हणाले.

“मंग आता उष्टं नाय,” ती म्हणाली, आम्हाला कमी आणि स्वतःला जास्त. आणि तिने चमचा तोंडात घातला.

ती बराच वेळ चघळत राहिली. मग भुवया जवळ आल्या. “आंबट कमी हाय,” ती हळू बोलली. “गोड बराबर. मीठ... मीठ थोडं.” तिने लिंबू पिळलं, खारं पाणी घातलं, पुन्हा एक चमचा देवळापुढे पाठवला, पुन्हा चाखलं. नोईने चाखलं आणि टाळी वाजवली. नाक गेलं होतं; जीभ जागेवर होती, आणि तिला आजवर कुणी काम सांगितलंच नव्हतं. आईने पुढे होऊन आत्याच्या उखळात चमचा घातला. “वन्सं, लिंबू दोनदा पिललंत. आन गूल इसरलात.” आत्याने गूळ घातला, चाखलं, आणि मान्य करायला लागू नये म्हणून पाणी प्यायली.

“पपई येगली, मटन येगलं,” ती म्हणाली. “टोप तू ठेव. पन केटरर उभा राहील.”

तो महिना आई घरी सराव करत होती. आमच्या देव्हाऱ्यातल्या देवीला आयुष्यात इतके नैवेद्य मिळाले नसतील. डाळीचा एक, भाजीचा एक, पुन्हा मीठ घातलं की पुन्हा एक. मग आई डावातला एक थेंब तळहातावर घ्यायची, फुंकून फुंकून गार करायची आणि चोरट्यासारखा जिभेला लावायची. माझं खोकणं बंद झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बरं वाटतंय का आता पोरीला.

हळदीच्या दिवशी अंबरनाथला आत्याच्या बिल्डिंगमागच्या मैदानात मांडव पडला. एका बाजूला तीन दगडांवर आमचा टोप, आणि दुसऱ्या बाजूला उल्हासनगरच्या केटररचा टेम्पो, आत डाळ आणि पुलाव झाकून ठेवलेले. केटरर गोड माणूस होता, पांढरा सफारी घातलेला सिंधी, आणि दर दहा मिनिटांनी तो येऊन विचारायचा, “दीदी, ढक्कन खोलूँ?” आत्या म्हणायची, “रुको.” “टेंशन नहीं साईं, बस बोलो, ढक्कन खोलूँ?” त्याच्या प्रत्येक ढक्कनला मी आईकडे बघायचे. आई लाकडं सारत होती, कुणाकडे बघत नव्हती. सवयीने तिने वाफेत तोंड धरलं, डोळे मिटले. बायकांनी भाकऱ्या थापायच्या थांबवल्या. आणि आई तशीच उभी राहिली, वाफ तोंडावर घेत, आत काहीच पोचत नसलेली. मी मोजत होते, किती वेळ. शेवटी तिने डोळे उघडले आणि सगळ्यांदेखत वाटी मागितली.

तिने देवीचं पान काढलं, पितरांचं काढलं, बाबा ती दोन्ही आत ठेवून आले. मग तिने तळहात पुढे करून थेंब घेतला. पाटावरच्या म्हाताऱ्यांत कुजबूज झाली, कुणीतरी “शिव शिव” म्हणालं. आईने चाखलं, मीठ एक मूठ टाकलं, ढवळलं, पुन्हा थेंब. अजून अर्धी मूठ. “बास,” ती म्हणाली.

“थेंबानं पाचशे मानसांचा टोप कलतंय काय?” आत्या पुढे आली. तिने डाव बुडवला आणि वाटी काठोकाठ भरली, बोटी, नळी, तर्री सगळं, वाफ निघत असलेलं. “नीट खा. इथंच. माझ्यासमोर. मंग सांग, ढक्कन खोलू का नको.”

आईने वाटी घेतली. उभ्याउभ्या एक बोटी तोंडात घातली, आणि थांबली. रस्सा प्यायली, आणि पुन्हा थांबली. तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी भरलं, आणि ती काही बोलेना. आत्याचा रंग उडाला. “काय झालं? खारट? सुमन, बोल ना गो! करपलंय?” केटरर टेम्पोवर चढला आणि त्याने ढक्कनला हात घातला. मी देवीला काय काय कबूल केलं ते मला आज आठवत नाही. ते फेडायचं राहूनच गेलं. आईने दुसरी बोटी खाल्ली. तिसरी. नळी ओढून घेतली, दोन्ही बाजूंनी. रिकामी वाटी हातात धरून तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, बाबांकडे, आत्याकडे, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांकडे, पाटावरच्या म्हाताऱ्यांकडे, एकेकाचा चेहरा नीट निरखून, आणि मांडवाच्या पार त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली:

“मेल्यांनो, इतकी वरसं तुमी हे असं गरम खात होतात?”